थांबून येणारा वास

मला थांबता येत नाही. दूध तापेपर्यंत मी ओटा दोनदा पुसते, फोन लागेपर्यंत घरभर चकरा मारते, आणि सिनेमा सुरू झाला की शेवट काय असेल ते शेजारच्याला सांगून मोकळी होते. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि काम मिळालं ते असं, की ज्यात निम्मं आयुष्य वाट बघण्यात जावं. मी किड्यांच्या मेंदूंचा अभ्यास करते. नेमकं सांगायचं तर किड्यांच्या मेंदूतल्या वासाच्या जागेचा.

नातेवाइकांना हे समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. एक मावशी अजून लोकांना सांगते की आमची पोट्टी झुरळाचं औषध बनवते. सांगू दे.

काम असं असतं. खसखशीच्या दाण्याहून लहान मेंदू चिमट्याने बाहेर काढायचा, द्रावणात बुडवायचा आणि थांबायचं. मग त्यात असं रसायन घालायचं की जे मेंदूतल्या एकाच पदार्थाला शोधून चिकटेल, आणि पुन्हा थांबायचं. धुवायचं, थांबायचं. त्यानंतर कुठे तो पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. हा पदार्थ म्हणजे न्यूरोपेप्टाइड. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप म्हणून प्रथिनांचे बारके तुकडे पाठवतात, ते हे. वास आला की नाही, हे किड्याच्या मिशा सांगतात. त्या वासाचं किती मनावर घ्यायचं, हे ठरवण्यात या पेप्टाइडांचा हात असतो. पोट भरलेल्या माशीला पिकल्या केळ्याचं फारसं कौतुक नसतं. तीच माशी उपाशी असली की यातलंच एक पेप्टाइड तिच्या वासाच्या जागेत कामाला लागतं, आणि तेवढाच वास तिला कितीतरी मोठा होऊन येतो.

माझा प्रश्न आहे तो हे सगळं आलं कुठून, हा. झुरळाच्या मेंदूत वासाच्या जागी साबुदाण्यासारखे गोल गोल गोळे असतात. मिशांकडून आलेले धागे तिथे येऊन मिळतात. कसरीच्या मेंदूतही ते असतात. कसर म्हणजे तीच, जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणारी चंदेरी. तिला पंख कधी फुटलेच नाहीत, इतकं तिचं घराणं जुनं. आणि तिच्याहूनही जुन्या घराण्यातला एक किडा रानात ओल्या दगडांवर राहतो आणि डिवचला की उडी मारतो. त्याला मराठीत कुणी नाव दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. त्याच्या मेंदूतले गोळे धड गोळे नाहीत, लांबट आणि विस्कटलेले आहेत. पेप्टाइडं मात्र तिथेही आहेत. म्हणजे निरोप आधी आले आणि गोळे मागून घडत गेले, असं काही आहे का? हा प्रश्न घेऊन मी काही वर्षं बसले आहे. बसले आहे म्हणजे येरझारा घालते आहे.

मला कसर पुरवायचं काम बाबांचं. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांनी ते स्वतःहून अंगावर घेतलं. काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आत चमचाभर कणीक टाकायची आणि बरणी पुस्तकांच्या कपाटामागे ठेवायची. पट्टीवरून कसर चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही. सकाळी बाबा बरणी उजेडात धरून जाहीर करत, "आज गिऱ्हाईक चांगलं आहे." आईला हे मुळीच पसंत नव्हतं. लोक कसर लागू नये म्हणून कपड्यांत वेखंड ठेवतात आणि आमच्या घरी तिला जेवू घालतात, असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

बाबांचं नाक आमच्याकडे नावाजलेलं. रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्यासारखी काही मराठी घरं आहेत, नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीच्या निमित्ताने आलेली आणि इथलीच झालेली. वर्षाचा तांदूळ भरायची वेळ आली की ही घरं बाबांवर सोपवून निर्धास्त होत. बाबा पुरानी बस्तीतल्या एका ठरलेल्या दुकानात जात. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढत, तळहातावर अंगठ्याने चोळत, त्यावर एक गरम फुंकर मारत आणि नाकाशी धरत. मग काही न बोलता उभे राहत. जवाफूलसारखा सुगंधी तांदूळ म्हटला की त्यात वास लावून विकणारेही आलेच. बाबांचं म्हणणं एवढंच, "लगेच येते तो लावलेला वास. थांबून येते तो तांदळाचा." तोवर दुकानदारही गप्प उभा राहायचा.

त्यांच्या नाकाशी माझा रोजचा एक खेळ होता. प्रयोगशाळेत आम्ही किड्यांना ठराविक वास देतो. एक केळ्यासारखा, एक लवंगेचा, एक सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. कितीही हात धुतले तरी ओढणीत काहीतरी उरतंच. संध्याकाळी मी दारातून आत आले की बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणत, "आज लवंग." किंवा, "आज केळं. खाल्लं की नुसतं किड्यांनाच दिलं?" ते कधी चुकत नसत. मी दमून, चिडून आलेली असले तरी त्या एका वाक्याने मला घरी आल्यासारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी आत आले आणि बाबा काहीच बोलले नाहीत. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "केळं." त्या दिवशी माझ्या अंगाला लवंगेचा इतका दर्प होता की ऑटोवाल्याने विचारलं होतं, "दीदी, दाँत में दर्द है क्या?"

मी हसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा केळंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम सिरक्याची बाटली हाताळून आले. ते म्हणाले, "केळंच ना?" आणि तो 'ना' ऐकून मी घाबरले.

त्याचं कारण सांगते. बाबांच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठे बाबांना, कंपवात होता. हात थरथरायला लागले तेव्हा आम्हाला कळलं. पण त्याच्या कितीतरी आधी ते एकदा आंबलेलं वरण मिटक्या मारत जेवले होते, आणि पंगतीतले सगळे हसले होते. त्यांना वास येईनासा झाला होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी पुढे या विषयात पडले, वाचत गेले, तेव्हा समजलं की काही माणसांत त्या आजाराची पहिली चाहूल नाकातच लागते, हाताच्या बरीच आधी. शेवटी शेवटी मोठे बाबांना घास तोंडापर्यंत नेता येत नसे. बाबा त्यांना भरवायचे. ते मी पाहिलं आहे.

त्या रात्रीपासून माझं कशात लक्ष लागेना. नाक सर्दीने जातं, तापाने जातं, वयानेही जातं, हे मला पाठ होतं. पाठ असून उपयोग काय? कसरीचा मेंदू काढताना माझा चिमटा घसरायला लागला. मला बाबांना सरळ विचारायचं होतं आणि विचारायची छाती होत नव्हती. मी भित्री नाही, पण हो म्हणाले तर पुढे काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.

आणि मग अचानक सगळं ठीक झालं. मी दारात पाऊल टाकलं, आईने पुढे येऊन माझ्या हातातला डबा घेतला, आणि आतून बाबांचा आवाज आला, "लवंग." बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी "सिरका." तेही बरोबर. मला इतका आनंद झाला की मी त्या आठवड्यात दोनदा मिठाई आणली. सर्दी असेल, उन्हाळ्याची धूळ असेल. आमच्या छतावर सकाळी हात फिरवला तर कारखान्यांची काळी भुकटी निघते, ती नाकात गेली असेल. माझं मन वकिलासारखं बाबांची बाजू मांडत होतं.

एक दिवस चप्पल काढायला मी वाकले आणि शोकेसच्या काचेत मला आई दिसली. डबा डाव्या हातात होता, आणि उजवा हात पाठीमागे घेऊन ती बाबांना दोन बोटं दाखवत होती. बाबा पेपरमागून म्हणाले, "लवंग."

केळ्याला एक, लवंगेला दोन, सिरक्याला तीन. दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. आई पुढे येऊन डबा घेते ती माझा वास घ्यायला, हे मला तेव्हा कळलं.

मला राग फार लवकर येतो, आणि आला की त्याला घरदार कळत नाही. मी चप्पल तशीच पायात ठेवून आत गेले. "कधीपासून चालू आहे हे? मी काय लहान आहे? तुम्ही दोघं मिळून मला येडं बनवून राहिले?"

आई शांतपणे डबा ओट्यावर ठेवून आली. "तुले सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?" तिने बाबांकडे हात केला. "यायचाही मेंदू काढून पाहिला असता?"

"आई, मी चेष्टा नाही करून राहिली."

"मीही नाही."

बाबांनी पेपरची घडी घातली. ते म्हणाले, "मले होळीपासूनच वास कमी येऊन राहिला होता, उन्हाळ्यात बंदच झाला. हिनं होळीचं पुरण करपवलं होतं, मले समजलंच नाही."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुया चेहरा पाहवला नसता मले. दादाचंही असंच झालं होतं. तुले जे मालूम आहे ते मलेही मालूम आहे, बाई."

मी सोफ्यावर बसले. इतके दिवस मला वाटत होतं की ही भीती एकट्या माझी आहे. ती घरात तिघांकडे होती, आणि ती मी त्यांच्यापासून आणि ते माझ्यापासून लपवून वावरत होतो. मला रडू आलं, आणि रडताना राग जास्त आला.

बाबांनी विषय बदलला. त्यांची ती सवयच आहे. "तुया किड्यायमध्ये नाक जाते का कोणाचं?"

मी डोळे पुसून सांगितलं की जातं. चतुराच्या मिशा इतक्या आखूड असतात की दिसतही नाहीत, आणि त्याच्या मेंदूत त्या साबुदाण्यांचा पत्ता नसतो. पाण्यात राहायला गेलेल्या काही किड्यांचंही तसंच आहे. कोट्यवधी वर्षांत कामच उरलं नाही, तर जागा आक्रसत गेली, असं आम्ही समजतो.

"मग तो चतुर जेवते कसा?"

"डोळ्यांनी. उडता उडता भक्ष्य बघून पकडतो."

"चालते ना त्याचं?"

"फार छान चालतं."

"झालं तर," बाबा म्हणाले, आणि आईकडे चहा मागितला.

मी त्यांना शंकर नगरमधल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना बोटं जुळवायला लावली, दोन्ही हात पुढे धरायला लावले, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवून पाहिलं. मग म्हणाले की आज हातापायांत तसं काही दिसत नाही. नाक जायला दहा कारणं असतात, त्यातलं एक ते असू शकतं, नसूही शकतं. अधूनमधून दाखवत राहा. "फिलहाल इंतज़ार करेंगे."

मला त्या शब्दाची चीड आली. प्रयोगशाळेत निदान किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं असतं.

तेव्हापासून मी बाबांच्या हातांवर नजर ठेवायला लागले. कप बशीवर ठेवताना वाजतो का, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो का, सही वाकडी होते का. सूक्ष्मदर्शकाची सवय लागलेल्या माणसाला दुसरं काय येणार? एका दुपारी ते पेपर वाचत होते आणि पेपरचा कोपरा सारखा हलत होता. मी ते पाहिलं, दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पुन्हा पाहिलं. शेवटी उठून पंखा बंद केला. बाहेर रायपूरचं ऊन मी म्हणत होतं.

"पंखा काहून बंद केला?"

"असंच."

बाबांनी पेपर दोन्ही हातांत नीट धरला, जरा उंच, माझ्या बाजूला वळवून, आणि तसाच धरून ठेवला. कपाळावरून घाम उतरून चष्म्यावर आला तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. कोपरा हलत नव्हता.

"झालं पाहून?" ते म्हणाले. "लाव आता."

मी पंखा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावत बसले.

त्यानंतर दारातला खेळ बंद पडला. आई डबा घ्यायला पुढे येते, पण बोटं दाखवत नाही. कसरीच्या बरण्या मात्र बाबांनी सोडल्या नाहीत. त्याला नाक लागत नाही, डोळे पुरतात, असं त्यांनी मला बजावलं. माझं काम थोडं पुढे सरकलं. त्या रानातल्या किड्याच्या मेंदूत, जिथे गोळे धड नाहीत तिथे, एक पेप्टाइड हिरवंगार चमकताना दिसलं. किती सुंदर होतं ते. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या घराण्यांत तोच निरोप अजून चालू होता. मला ते सगळ्यांत आधी बाबांना सांगावंसं वाटलं, आणि सांगायला जाताना नजर आधी त्यांच्या हाताकडे गेली. माझा मलाच वैताग आला.

थंडी पडली, नवं धान बाजारात आलं, आणि कॉलोनीतून विचारणा सुरू झाली. यंदा केव्हा जाता? बाबा आज-उद्या करत राहिले. आईने सुचवलं की तब्येत बरी नाही असं सांगून टाकू. बाबा तिच्यावर जवळजवळ ओरडले, "माह्या तब्येतीले काय झालं?" ते एरवी कधी आवाज चढवत नाहीत. रविवारी सकाळी ते आंघोळ करून, स्वेटर घालून तयार झाले आणि मला म्हणाले, "चल. तूही चल."

वाटेभर माझी नुसती तगमग चालली होती. ते तिथे नाटक करणार, हे उघड होतं. नाकाशी दाणे धरतील, डोळे मिटतील आणि अंदाजाने एका पोत्यावर बोट ठेवतील. चार घरांचा वर्षभराचा भात त्यावर शिजेल. आणि ते मला पाहावं लागेल.

पुरानी बस्तीतलं ते दुकान अरुंद आहे. एका बाजूला पोती, त्यांची तोंडं वळवून उघडी ठेवलेली, आणि मध्ये दोन माणसांपुरती जागा. दुकानदाराने बाबांना हात जोडले. "आओ बाबूजी. इस बार जवाफूल बहुत बढ़िया है. आप देखके बताओ."

"हव," बाबा म्हणाले. त्या दुकानात शिरले की त्यांच्या तोंडी छत्तीसगढी 'हव' आपोआप येतं.

त्यांनी पोत्यात हात घातला. मूठभर दाणे काढले, तळहातावर अंगठ्याने चोळले, गरम फुंकर मारली. सगळं दरवर्षीसारखं. दुकानदार सवयीने गप्प झाला. बाबांनी हात नाकाशी नेला, क्षणभर तिथे ठेवला, आणि मग सरळ माझ्यापुढे धरला.

"अब से ये बताएगी," ते दुकानदाराला म्हणाले. मग मला म्हणाले, "घे."

दुकानदार माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला. मी वाकले. वास आलाच, गोड, मोगऱ्याकडे झुकणारा. मी बोलायला तोंड उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. "लगेच नको सांगू."

मी थांबले. बाबांचा तळहात माझ्या नाकापासून चार बोटांवर होता. हाताच्या रेषांत तांदळाची पांढरी पूड बसली होती. मी वास घ्यायला वाकले होते, पण बघत होते दाण्यांकडे. ते अगदी स्थिर होते. मग कडेचा एक दाणा हलला. माझ्या श्वासाने हलला असेल, नसेल. मी श्वास रोखला. दाणा थांबला की नाही ते मला ठरवता येईना, आणि श्वास रोखून तांदळाचा वास कळणार नव्हता. दोन्हींतलं एकच काहीतरी होणार होतं. बाबा माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मी कुठे बघते आहे ते त्यांना नक्की कळलं होतं, तरी हात मागे घेतला नाही.

मी डोळे मिटले आणि श्वास घेतला.

पहिला गोड वास विरला होता. त्याच्या मागून, सावकाश, भात शिजून झाकण काढल्यावर येतो तसा दुसरा आला.

"आला?" बाबांनी विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

मेंदूत वास कुठून कुठे जातो ते मी तासभर सांगू शकते. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

"मागच्या वर्षीसारखा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, दाणे पोत्यात परत सोडले, हात स्वेटरला पुसला आणि दुकानदाराला म्हणाले, "यही तौल दो."